सांगीव वजन

गल्लीच्या तोंडाशी, चपलांच्या दुकानाला खेटून, मापताईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि उरलेल्या जागेत ताईंची चाकांची खुर्ची. गिऱ्हाईक आत आलं की ताईंना मागे सरकावं लागतं आणि ते गेलं की पुन्हा पुढे. दिवसभरात त्यांचं हे मागेपुढे इतकं होतं की धडधाकट माणसानं त्यांच्यासमोर पाय दुखल्याची तक्रार करू नये.

पाय लहानपणीच एका तापाने नेले. त्याबद्दल ताई फारसं बोलत नाहीत. गेलेल्या भाडेकरूची आठवण काढावी तितपतच. मशीनचं पायडल त्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे बाळ्याने, टेबलाच्या कडेला कोपराजवळ ठोकून दिलंय. कोपर दाबलं की सुई धावते. हा बाळ्या आता पन्नाशीला टेकलाय, पोट सुटलंय, घरोघरी पाण्याचे मीटर वाचत हिंडतो. पण एकदा बाळ्या झालेला माणूस जन्मभर बाळ्याच राहतो, त्याला इलाज नाही.

मापताई हे नाव गल्लीने दिलेलं. माणूस दारात उभा राहिला की ताई नजरेनेच त्याची कंबर मोजून मोकळ्या होतात. तरीही टेप लावल्याशिवाय त्यांनी कधी कापडाला कात्री लावली नाही. कुणी घाईघाईने म्हणालं, ‘‘कंबर चौतीस, लिहून घ्या,’’ की ताई टेप उलगडत म्हणायच्या, ‘‘ते लग्नातलं असेल. हात वर करा.’’ सांगीव मापावर कात्री चालवायची नाही, हा त्यांचा धंद्यातला एकमेव कायदा. सांगीव माप म्हणजे माणसाला स्वतःबद्दल जे वाटतं ते. कपड्याला बिचाऱ्याला जे आहे त्यावर बसावं लागतं.

तर अशा या ताईंचा हात गेल्या वर्षापासून थरथरायला लागला.

आधी सुईत दोरा ओवताना. दोरा नेढ्याच्या डावीकडून जायचा, मग उजवीकडून, मग ताई दोऱ्याला चार शब्द सुनवायच्या. पुढे टाचण्या पडायला लागल्या. मग एका शाळेच्या गणवेशाचं काज वाकडं गेलं, आणि त्या पोराची आई काही न बोलता तो सदरा घेऊन गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मापताईंना पस्तीस वर्षांत कुणी समजून घेतलं नव्हतं. ती वेळ आली याचाच त्यांना धसका बसला. हात गेला तर काय उरणार, हा हिशेब त्यांना टेपशिवायही येत होता.

मोठ्या दवाखान्यात त्यांचं येणंजाणं सहा वर्षांचं. तेव्हा एका आठवड्यात दोनदा झटके आले होते, त्यावरचं औषध दर तीन महिन्यांनी आणावं लागतं. झटके पुन्हा आले नाहीत. औषध आणायला जाणं हाच एक झटका असतो, ही गोष्ट वेगळी.

दवाखान्याला चाकांच्या खुर्च्यांसाठी उतार आहे. कुणी नाही म्हणू नये म्हणून बांधलेला, चांगला रुंद. त्याच्या पायथ्याशी नेहमी कुणाची तरी स्कूटर लावलेली असते आणि माथ्यावरच्या दाराला कुलूप. किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी चहाला. तो आला की दरवेळी तितक्याच प्रेमाने विचारतो, ‘‘ताई, आधी कळवायचं ना?’’ आत माणसांची लिफ्ट आहे, पण तिच्यात खुर्ची मावत नाही. म्हणून ताई सामानाच्या लिफ्टने जातात, मळक्या चादरींच्या ट्रॉलीला खेटून. ती लिफ्ट आधी तळघरात उतरते, चादरी सोडते आणि मग वर येते. सहा वर्षं दवाखान्यातल्या चादरींशी त्यांची डॉक्टरांपेक्षा जास्त ओळख. कुठल्या वॉर्डातल्या चादरींची पट्टी उसवलीय, हे त्या झोपेतही सांगतील.

त्या दिवशी बाळ्याने अर्धी रजा टाकली होती. दोन तास बसल्यावर नंबर लागला. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, तरुण, डोळ्यांखाली काळं आलेलं. बाहेर अजून साठ माणसं होती. ताईंनी हात पुढे केला. हात बोलत होताच, ताईंना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

बाईंनी कागद चाळला. या औषधाने हात थरथरू शकतो, पण औषध जास्त झालं तर. आणि ताईंचं औषध तर वजनाच्या हिशेबात अगदी बरोबर बसतंय, चौसष्ट किलोला जेवढं हवं तेवढंच आहे. म्हणजे वयाचं असेल. शिवणकाम आता कमी करता आलं तर बघा, असं त्या अगदी मायेने म्हणाल्या.

शिवणकाम कमी करा हे वाक्य त्यांच्या कानात शिरलं, पण त्यांना अडकवलं त्या आकड्याने. चौसष्ट?

‘‘मी चौसष्टची नाही हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझे कपडे मी दोन वर्षांत तीनदा आत घेतलेत.’’

‘‘मग वजन करून या ना, मावशी. बाहेर सिस्टर करतील.’’

बाहेर सिस्टरने काट्याकडे बोट दाखवलं आणि सवयीने म्हणाली, ‘‘चपला काढून उभ्या राहा.’’ म्हणून झाल्यावर तिने खुर्चीकडे पाहिलं. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. काट्याने दोघींकडे पाहिलं. सिस्टर वाईट नव्हती, नुसती दमलेली होती. तिने उपाय काढला, की भावाने ताईंना उचलून काट्यावर उभं राहायचं, मग भावाचं एकट्याचं वजन त्यातून वजा करायचं.

ताईंना साठ माणसांसमोर गाठोड्यासारखं उचलून घेतलेलं अजिबात नको होतं. तसं त्या म्हणाल्याही. पण मग त्यांना डोळ्यांसमोर वाकडं काज दिसलं, आणि त्यांनी बाळ्याच्या गळ्यात हात टाकले. बाळ्या काट्यावर चढला. काट्यावर आकडा आलाच नाही, नुसत्या चार आडव्या रेघा आल्या. तो काटा एकशेवीसपर्यंतचाच. बाळ्या एकटाच अठ्ठ्याऐंशीचा.

‘‘जेवण कमी कर म्हणत होते ना?’’ ताई त्याच्या कानात म्हणाल्या.

‘‘ताई, हसवू नकोस, कमरेत...’’ एवढं बोलून बाळ्याचं वाक्य आणि कंबर दोन्ही तिथेच अडकली. सिस्टरने आणि एका रुग्णाच्या जावयाने मिळून ताईंना खुर्चीत ठेवलं आणि बाळ्याला बाकावर. आता पेशंट दोन झाले.

‘‘अंदाजे लिहू का?’’ सिस्टरने हळूच विचारलं. ‘‘मागे कुणी लिहिलं होतं चौसष्ट?’’

आणि तेव्हा ताईंना आठवलं. सहा वर्षांपूर्वी, नोंदणीच्या खिडकीशी. मागे रांग खोळंबलेली, कुणी तरी च्‌ च्‌ करत होतं. तेव्हाच्या सिस्टरने मान वर न करता विचारलं होतं, वजन किती? ताईंना ठाऊक नव्हतं. शाळेनंतर त्यांचं वजन कुणी केलंच नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणण्याची लाज वाटली, आणि आदल्याच दिवशी भावजय जेवताना स्वतःच्या चौसष्ट किलोंवर रडली होती. ताईंनी तोच आकडा पुढे केला. मग दर तीन महिन्यांनी एका कागदावरून दुसऱ्यावर तो उतरत गेला. कुणी मोजलं नाही, कारण मोजायची सोयच नव्हती. आणि मोजलं नाही हे कुणाला दिसलं नाही, कारण आकडा होता.

सांगीव माप. आणि तेही दुसरीचं. मापताईंना वाटलं, आपल्या तोंडात कुणी तरी टाचण्या भराव्यात, म्हणजे ते बंद तरी राहील.

‘‘नका लिहू अंदाजे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी उद्या येते.’’ उद्या म्हणजे पुन्हा उतार, पुन्हा कुलूप, पुन्हा ‘आधी कळवायचं ना’. शिवाय उद्या तरी काटा कुठे बदलणार होता?

बाळ्या उसण भरलेल्या कमरेने वाकडा वाकडा चालत, खुर्चीचाच आधार घेत, त्यांना सामानाच्या लिफ्टपर्यंत घेऊन आला. लिफ्ट नेहमीप्रमाणे तळघरात उतरली. दार उघडलं. धुलाईखान्यातल्या माणसाने, मोठ्या मिशांच्या आणि कमी शब्दांच्या, चादरींची ट्रॉली बाहेर ओढली आणि दारासमोरच्या लोखंडी पत्र्यावर नेऊन उभी केली. पत्रा जमिनीच्या बरोबरीत बसवलेला होता. भिंतीवर लाल आकडे पेटले. एकशेबारा किलो, तीनशे ग्रॅम. खालच्या यंत्रातून चिठ्ठी निघाली.

सहा वर्षं ताई इथून जात होत्या. सहा वर्षं त्यांनी चादरींच्या पट्ट्या पाहिल्या, आकड्यांकडे मान वळवली नाही.

‘‘दार धर,’’ त्या बाळ्याला म्हणाल्या.

धुलाईवाल्याला सगळं सांगायला पाच मिनिटं लागली. त्याला पटायला अर्धं मिनिट पुरलं. त्याने विचारलं एवढंच, की खुर्चीचं वजन वेगळं करावं लागेल, तोवर ताई बसणार कुठे. मग स्वतःच धुतलेल्या चादरींचा एक गठ्ठा पुढे सरकवला आणि ताईंना अलगद त्यावर बसवलं. इस्त्रीतून नुकताच निघालेला, ऊबदार. या दवाखान्यात ताईंना बसायला मिळालेली ती पहिली मऊ जागा. तिथून त्यांनी आपली रिकामी खुर्ची काट्यावर पाहिली. फारच एकटी दिसत होती.

ताई आणि खुर्ची, सहासष्ट किलो चारशे. नुसती खुर्ची, अठरा किलो दोनशे. ताईंनी पुन्हा मोजायला लावलं, माप दोनदा घ्यायची सवय. तेच आलं. ताई निघाल्या अठ्ठेचाळीस किलो दोनशे ग्रॅमच्या.

‘‘म्हणजे सहा वर्षं मी सोळा किलोच्या कुणा परक्याचं औषध घेतेय,’’ त्या म्हणाल्या. बाळ्या हसला, मग कमरेमुळे थांबला, मग त्याला हसावंसं वाटेना.

वर सिस्टरने चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहिल्या. यंत्राने सगळ्यांवर ठसठशीत छापलं होतं, ‘मळलेले कपडे’. अशी चिठ्ठी पेशंटच्या कागदाला कशी लावणार, असं ती म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र चिठ्ठ्या हातात घेऊन खाली फोन लावला आणि तो काटा खरा आहे का म्हणून विचारलं. पलीकडून धुलाईवाल्याने आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं असावं. धुलाईच्या ठेकेदाराशी भांडणं होतात म्हणून तो काटा दर सहा महिन्यांनी तपासतात. माणसांचा काटा शेवटचा कधी तपासला, हे कुणालाच सांगता आलं नाही.

बाईंनी फोन ठेवला. बाहेर अजून तीस माणसं होती, तरी त्यांनी पेन खाली ठेवून आपली खुर्ची ताईंकडे वळवली.

‘‘मी विचारायला हवं होतं, मावशी.’’

‘‘मी सांगायला नको होतं,’’ ताई म्हणाल्या.

चिठ्ठ्या कागदाला टाचल्या गेल्या. औषध एकदम नाही, हळूहळू उतरवायचं ठरलं. ताईंना वाटलं होतं, काही तरी जिंकल्यासारखं वाटेल. घरी पोचल्यावर त्यांना नुसती झोप आली.

महिनाभराने एके सकाळी दोरा पहिल्या फटक्यात सुईत गेला. ताईंनी तो काढून पुन्हा ओवला. पुन्हा गेला. मग त्यांनी त्या पोराच्या आईला निरोप धाडला, की तो सदरा आणून द्या. ती म्हणाली, आता त्याला तो आखूड झाला. ताई म्हणाल्या, असू द्या, आणा. आणि वाकडं काज उसवून सरळ केलं. मग बसल्या बसल्या खालची दुमडही सोडून सदरा लांब करून दिला.

पुढच्या फेरीला स्कूटर होती, कुलूप होतं, पहारेकरी चहाला होता. नोंदणीच्या खिडकीतल्या पडद्यावर ताई अजून चौसष्ट किलोच होत्या. ते खोडायचा अधिकार वरच्यांना, असं कळलं. खुर्चीसकट वजन करायच्या काट्याची मागणी डॉक्टरीणबाईंनी पाठवली होती. मागणी पोचली होती. पोचल्याचं पत्रही आलं होतं. सिस्टरने काही न विचारता खालच्या मजल्याकडे बोट केलं.

तळघरात ताईंच्या आधी एक जण होते. चाकांच्या खुर्चीतले निवृत्त मास्तर, ओशाळलेले, चादरींच्या ढिगाकडे पाठ करून बसलेले. सिस्टरने पाठवलं म्हणाले. आपण आजवर बहात्तर सांगत होतो म्हणाले.

‘‘सांगायचं नाही, मास्तर,’’ ताई म्हणाल्या. ‘‘मोजायला लावायचं.’’

मास्तरांचं झालं. ताई पत्र्यावर चढल्या. धुलाईवाल्याने यंत्रापाशी जरा जास्तच वेळ लावला, एकदा मिशीवरून हात फिरवला आणि दुसरं बटण दाबलं. ताईंनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. हात स्थिर होता, त्यामुळे अक्षरं नीट दिसली.

एकोणपन्नास किलो, खुर्ची वजा जाता. आणि वर छापलेलं, ‘धुतलेले कपडे’.