पायवाला जाड टाइप

मुलांनो, तुमच्यातल्या धाकटीने परवा स्वतःच्या लग्नपत्रिकेचा नमुना माझ्या फोनवर पाठवला आणि विचारलं, "आजी, हे अक्षर कसं वाटतं? जुन्या वळणाचं आहे ना?" मी "छान" एवढंच कळवलं. खरं उत्तर लांबलचक आहे. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण असेपर्यंत ते लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. दिवाळीच्या आधी ती गेली, म्हणून आता लिहिते.

कोल्हापुरात माझ्या सासऱ्यांचा छापखाना होता. साठचं दशक सरता सरता मी लग्न होऊन त्या घरात आले. छापखान्यात इंग्रजीचा एक जाड टाइप होता, त्याला सगळे 'पायवाला जाड' म्हणत. प्रत्येक उभ्या दांड्याखाली आडवा पाय. दांडा पैलवानाच्या मांडीसारखा आणि जोडणारी रेघ दोऱ्याएवढी. लहान 'ए'च्या टोकाला शाईचा थेंब लोंबावा तसा गोळा. सलग मजकुराला तो चालत नसे. चार ओळी लावल्या की पान काळंकुट्ट. म्हणून तो वकील-डॉक्टरांच्या लेटरहेडवर, औषधांच्या लेबलांवर आणि मुख्य म्हणजे लग्नपत्रिकेच्या इंग्रजी बाजूला, वधूवरांच्या नावांसाठी वापरत. जाड कागदात तो असा रुतायचा, की मागून बोट फिरवलं तरी नाव हाताला लागे. गावात तो दुसऱ्या कुणाकडे नव्हता. सासऱ्यांना त्याची फार घमेंड होती.

अडचण एकच होती. त्या टाइपाची लाकडी केस, म्हणजे खणांची पेटी, इंग्रजीच्या हिशेबाने भरून आलेली, त्यामुळे 'ई' ढीगभर आणि 'ए' मोजके. आपल्या नावांना तर 'ए'च लागतो. त्यामुळे एका वेळी एकाच जोडप्याची नावं जुळत. ती छापून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, परत खणात पडले, की मग पुढच्यांची पाळी.

माझी नणंद, तुमच्या आजोबांची ती धाकटी बहीण, शाळेत असल्यापासून खिळे जुळवत असे. तिचं लग्न मुरगूडच्या एका गूळ व्यापाऱ्याच्या इंजिनियर मुलाशी ठरलं, तेव्हा पत्रिकेची इंग्रजी बाजू तिने स्वतःच जुळवली आणि मी प्रूफ तपासलं. पत्रिका छापून झाल्या. मुलाकडचे आणखी मागतील म्हणून जुळवलेली नावं मोडली नव्हती, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवली होती.

मग एके दिवशी मुलाची आत्या घर बघायला आली. नणंदेने चहा पुढे केला, तसा आत्याने तिचा हात धरून उलटा केला. नखांत शिसं आणि शाई. ती कशानेच निघत नसे.

"हे काय ग? इंजिनियरची बायको होणार हायस का लोहाराची?"

"छापखान्याच्या मालकाची लेक हाय की," नणंद म्हणाली.

आठवड्याभरात नकार आला. मुलीचे हात काळे आणि तोंड त्याहून काळं, असा निरोप होता. त्या दिवशी जेवताना सासरे तिच्याकडे न बघता म्हणाले, "एक वाक्य गिळता आलं न्हाय तुला. आता भात गिळ."

छापलेल्या पत्रिका बंबात गेल्या. त्या पाण्याने घरातल्या सगळ्यांनी आंघोळी केल्या, तिनेही.

थोड्याच दिवसांत मुलाचा काका छापखान्यात येऊन उभा राहिला. मुलाचं दुसरीकडे जमलं होतं आणि पत्रिकेला तोच टाइप हवा होता. मला वाटलं, सासरे त्याला दारातून परत पाठवतील.

"बसा की, पावणं," सासरे म्हणाले. मग नणंदेकडे वळून, "चहा आण ग."

चहा आला. सासऱ्यांनी फळीवरची बांधलेली नावं काढून तिच्यापुढे ठेवली. "त्याचं नाव हाय तसं राहू दे. परत कशाला जुळवायचं? तुझं तेवढं काढ. नव्या पोरीला 'ए' लागत्यात."

मी म्हटलं, "हे दुसरं कुणीतरी करील."

"सूनबाई, तुम्ही बी.ए. हायसा," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही स्पेलिंग बघा."

तिने दोरा सोडला आणि स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर उचललं. ती खणाकडे वळली, तेव्हा सासरे म्हणाले, "खणात कशाला? लगीच लावायचीत. हातावर धर." तिने ती तळहातावर धरली आणि काकाने सांगितलेलं नाव लावलं; 'ए' सगळे त्यांतलेच, उरलेली अक्षरं खणातून. काकाने प्रूफ उजेडात धरलं.

"अक्षर कसं ठसठशीत उठलंय. हात चांगला हाय पोरीचा."

"हातच तर नको होता तुमाला," ती म्हणाली.

सासरे हसले. "बघा पावणं, वाचलासा का न्हाय?" मग काकाही हसला.

पुढे तिला एकच स्थळ आलं, दोन मुलांच्या बिजवराचं. ती नाही म्हणाली. ती छापखान्यातच राहिली आणि गावातल्या कितीतरी मुलींची नावं तिने त्या टाइपात जुळवली. सासरे अर्धांगाने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांना तीच भरवायची. घास तोंडात कोंबून म्हणायची, "गिळा, आबा." त्यांना मागे सरकता येत नसे. मी एकदा म्हटलं, जरा हळू. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही स्पेलिंग बघा."

ऐंशीच्या दशकात ऑफसेट छपाई आली आणि खिळ्यांचं काम संपलं. तुमच्या आजोबांनी सगळे खिळे उचगावच्या एका भट्टीवाल्याला वजनावर दिले. नणंद मुद्दाम बघायला गेली आणि शेवटचा खिळा वितळेपर्यंत तिथून हलली नाही. घरी येऊन तिने चहा मागितला. आयुष्यात पहिल्यांदाच, मला वाटतं, तिने तो करून न देता मागून घेतला.

टाइप आता नाही. लाकडी केस माझ्या खोलीत आहे. तिच्यात मी बटणं आणि सुया ठेवते. 'ई'चा खण अजून खरखरीत आहे. 'ए'चा तळ नणंदेच्या बोटांनी गुळगुळीत झालेला आहे.