लाल पिलांची मरळ

आमचे गादीवाले चाचा तलावावर पोचले की गळ टाकायच्या आधी अर्धा काठ फिरून यायचे. मी वैतागायचो. "चाचा, मासे धरायले आलो का जमीन मोजायले?" ते नुसते हसायचे.

पातूरला त्यांचं गाद्या भरायचं दुकान, शेजारी माझं फुलांचं. शुक्रवारी त्यांची नमाज आटोपली की दोघं निघायचो. पिशवीत रोहूसाठी ढेपेत मळलेली कणीक, वांबेसाठी गांडुळं, मरळीसाठी डब्यात जिवंत बेडक्या. "पाहुणा पाहून ताट वाढा लागते, भाऊ," म्हणायचे. आणि फेकायचे किती! सुटलेल्या रोहूचं वजन तलावापासून घरापर्यंत दुप्पट व्हायचं.

काठ कशासाठी फिरतात, ते मला उशिरा कळलं. पावसाळ्यात मरळीची पिलं पाण्यावर लाल घोळक्यानं फिरतात आणि खाली मायबाप राखण करतात. तिथं काहीही पडलं की मरळ रागानं झडप घालते. याहून सोपी शिकार नाही, पण चाचा तिथं गळ टाकत नसत. मलाही टाकू देत नसत.

गेल्या पावसाळ्यात चाची अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. जन्मात काही न मागितलेल्या त्या बाईनं मरळीचा रस्सा मागितला.

आम्ही गेलो. रोहू लागला, एक वांबही लागली. मरळ मात्र कुठंच नाही. संध्याकाळी बाभळीखालच्या पाण्यात लाल घोळका दिसला. चाचांच्या गळाला बेडकी लावलेली होती.

"टाका ना! काहून पाहून राहिले?"

 चाचांनी बेडकी सोडवून गवतात टाकली.

"चाचीले काय सांगान आता?" मी ओरडलोच. खरंच राग आला होता मला.

"झालं ते सांगीन. मायबाप नेले तं या पिलायले दुसरे मासे खाऊन टाकतीन. असा रस्सा तिच्या गळ्याखाली उतरन काय?"

घरी रोहूचा रस्सा झाला. चाचीनं एक घोट घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. चाचांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"अच्छा किया," ती म्हणाली. "बच्चे बड़े हो जाएँ, तब ले आना."

पिलं मोठी व्हायच्या आत चाची गेली. चाचांनी दुकान उघडलं, पण तलावाचं नाव काढेनात. मीही काढलं नाही.

थंडी पडली. पाण्यावरचे लाल घोळके केव्हाच पांगले होते. एका शुक्रवारी चाचा मला न सांगता एकटेच जाऊन आले. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे. एका हातात गळाची काठी, दुसऱ्या हातात झाकलेला वाडगा.

"गळ ठेव तुयाजवळ. मले आता नाही लागत."

"अन् हे?"

त्यांनी झाकण काढलं. रस्सा त्यांनीच रांधला होता. मसाला जरा करपलेला होता.

"चाचीनं आणायले सांगतलं होतं," ते म्हणाले. "आणली."