कुरणाबरोबर आलेली सासू

लिओनार्दाचं लग्न झालं तेव्हा तिच्या मैत्रिणींनी तिला एकाच गोष्टीसाठी नशीबवान म्हटलं होतं. नवऱ्याला आई नव्हती. मेलितोन लहानपणीच पोरका झालेला, मावशीच्या हाताखाली वाढलेला, आणि मोठेपणी इलावे गावच्या बँडमध्ये सगळ्यात जाडजूड वाद्य, तो गळ्यात अडकवायचा भलामोठा भोंगा, वाजवायला लागलेला. "नवरा फुंकून पोट भरतो, पण घरात सासू नाही, म्हणून चाललंय," असं लिओनार्दा बाजारात सगळ्यांना हसत सांगायची.

बाजारात तिची गाडी होती. जांभळ्या मक्याची गोड, दाट पेज आणि गरमागरम तळलेल्या पोळ्या. तळ्याकडून बोचरा वारा यायचा, माणसं दोन्ही हातांत पेला धरून उभी राहायची आणि लिओनार्दा एकीकडे तळता तळता दहा जणांच्या बातम्या ऐकायची. त्यातच एकदा लोकरीचा व्यापारी सांगून गेला, "वर चुल्पानीची बासिलिया म्हातारी कुरण विकतेय. पण देत कुणालाच नाही. तिघांना तर दारातूनच हाकललं."

"का?"

"एकाला खडी काढायची होती. दुसऱ्याने कुरणात पायच टाकला नाही, गाडीतूनच भाव विचारला. तिसरा का आवडला नाही, देव जाणे."

लिओनार्दाची पोळी कढईत करपली. ती डोंगरावरच्या चुल्पानी गावाच्याही वरच्या अंगाला जन्मलेली. बापाचा अल्पाकांचा, त्या लांब मानेच्या लोकरी जनावरांचा, कळप होता. काळे, राखी, कॉफीच्या रंगाचे. बाप गेला, भावांनी वाटणी केली, जनावरं विकली, आणि ती लग्न करून खाली आली. तीस वर्षं ती पेज ढवळत होती, पण लोकर कातरायचे दिवस आले की तिचे हात आपोआप शिवशिवायचे.

घरी तिने विषय काढला तर मेलितोन खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "वर? तिथे श्वासाला हवा पुरत नाही, मी भोंग्यात काय फुंकू?"

"थोडं फुंक."

मुलगा रोलांदो मोकेग्वात खाणीवर गाडी चालवायचा. तो फोनवर म्हणाला, "आई, सगळं जग डोंगरावरून खाली येतंय आणि तू वर चाललीस? या वयात?"

"वय झालं म्हणूनच. अजून थांबले तर चढवणार नाही."

ऑगस्टात व्यापाऱ्याच्याच ट्रकमध्ये बसून नवरा-बायको वर गेले. बासिलिया दारातच उभी होती. बुटकी, सुरकुतलेली, गोल टोपी कपाळावर ओढलेली, घेरदार परकराखाली लोकरीचे जाड मोजे. तिने एक शब्द न बोलता चादर पसरली, त्यावर उकडलेले बटाटे, थंडीत गोठवून वाळवलेले काळे बटाटे आणि चीज ठेवलं. मुठीतून चघळायची कोकाची पानं पुढे केली. लिओनार्दाने रीतीप्रमाणे आपल्या थैलीतली पानं तिला दिली. एवढं झाल्यावर म्हातारीने मेलितोनकडे पाहिलं.

"तू काय करतोस?"

"बँडमध्ये वाजवतो, आजी."

"म्हणजे काही करत नाहीस."

मेलितोनने बटाटा सोलायला घेतला.

मग तिघंही कुरण बघायला निघाली. दोन टेकड्यांच्या बेचक्यातली पाणथळ जागा. आजूबाजूला सगळं पिवळं, करडं, वाळलेलं आणि मध्ये हा हिरवागार तुकडा. लिओनार्दाने बूट काढले. पाणी चावलं, इतकं गार. पण पायाखालचं गवत नव्या गादीसारखं दबून वर आलं आणि तिला आतून हसू फुटलं. ती तशीच अनवाणी पुढे चालत गेली. एका जागी पाटाचं तोंड शेवाळाने बुजलं होतं. कुरण कुणाचं, आपण कोण, काही न आठवता तिने वाकून ते हाताने उपसलं, टाचेने चर मोकळा केला. पाणी खळखळत पुढच्या वाळक्या पट्ट्यात शिरलं. मागे वळून बघते तर म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी.

"बाप कोण तुझा?"

"फाउस्तिनो चांबिल्या."

"काळ्या जनावरांचा फाउस्तिनो? महाहट्टी माणूस. गिरण्या पांढऱ्या लोकरीलाच भाव देतात म्हणून सगळ्यांनी पांढरे नर आणले. तो मात्र आणायला तयार नाही."

"हो. तोच."

"हं," बासिलिया म्हणाली. "तुला देते. लेक कधीची खाली ताक्ना शहरात बोलावतेय. तिथे म्हणे नळालाच गरम पाणी येतं. जन्मभर कुडकुडले, आता उबेला जाऊन बसते."

भुईमायला दारूचे चार थेंब आणि निवडक तीन पानं वाहिली, सौदा झाला. पुढे इलावेत कागद झाले, शिक्के बसले, म्हातारीने अंगठा टेकवला. लिओनार्दाने बाजारातली जागा भाचीला विकली आणि वर्षानुवर्षं साठवलेलं त्यात घातलं. बासिलियाने कळप आधीच विकला होता. कुणी न घेतलेल्या डझनभर उतारवयातल्या पांढऱ्या माद्या मात्र तिने कुरणाबरोबर देऊन टाकल्या. जाताना पाठीला गाठोडं बांधून ती एकदाही मागे न बघता ट्रकमध्ये चढली.

ते पहिले दिवस लिओनार्दा पुढे कायम सांगायची. सकाळी बर्फाळ गवतावर ऊन पडलं की सगळं कुरण चमचमायचं. रात्री कोंडलेल्या माद्या वाडग्यातून बाहेर पडताना माना उंच करून एकमेकींशी गुणगुणायच्या, आणि ते ऐकत ती चहाचा पेला घेऊन दगडावर बसून राहायची. कामं पडलेली असायची, पण ती उठायची नाही. मेलितोनचं निराळं. पहिल्याच आठवड्यात तो एका मादीच्या फार जवळ गेला आणि तिने हिरवा, आंबूस चोथा त्याच्या तोंडावर थुंकला. तो डोळे मिटून उभा. लिओनार्दा हसून हसून खाली बसली.

महिना होत आला असेल. एका सकाळी ती वाडग्याचं दार उघडून परत येते तर स्वयंपाकाच्या खोपटातून धूर. मेलितोन तर अजून अंथरुणात होता. ती आत डोकावली. चुलीपुढे बासिलिया बसून रस्सा ढवळत होती.

"आजी! तुम्ही? कधी आलात?"

"पहाटेच्या ट्रकने. मीठ कुठे ठेवलंस? त्याच्या जागेवर नाही."

"आणि ताक्ना?"

"ताक्नात माणसं पुष्कळ, बोलत कुणी नाही. लेक दवाखान्यात कामाला, जावई टॅक्सीवर, नातीचं डोकं मोबाईलमध्ये. दिवसभर मी आणि भिंत. आणि काय तो उकाडा! रात्री माणसाने पांघरूण लाथाडायचं, असं कुठे असतं का?"

मेलितोन डोळे चोळत आला, बघून दचकला आणि सभ्यपणे विचारता झाला, "आजी, मुक्काम किती दिवस?"

"बघू. या खोपटात धूर कोंडतोय, आधी ते नीट कर."

आठवडा गेला, दुसरा गेला. मीठ जुन्या जागी गेलं. झाडू दाराच्या डाव्या बाजूचा उजव्या बाजूला आला. लिओनार्दा माद्यांना वरच्या अंगाला न्यायची तर म्हातारी खालूनच ओरडायची, "तिकडे नको, तिकडे पाय कुजतात!" लिओनार्दाचा संताप होत होता. पाटावर काम करताना ती नवऱ्याला म्हणाली, "घर माझं, चूल माझी, कागदावर नाव माझं. तू तिला जायला सांग."

"मी?" मेलितोनने फावडं टेकवलं. "मला आई नव्हती, लिओनार्दा. म्हाताऱ्या माणसाला कसं घालवतात, मला माहीतच नाही."

चुल्पानीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. गावाच्या बैठकीत तर गावप्रमुखच खांद्यावरची चादर सावरत सगळ्यांसमोर म्हणाला, "काय लिओनार्दा, कुरण घेतलंस त्यावर सासू फुकट मिळाली म्हणे! आम्हाला कधी असा सौदा मिळाला नाही." सगळे खो खो हसले. लिओनार्दाने मुद्दाम तोंड वाकडं केलं, पण घरी येताना वाटेत तिचं तिलाच हसू आवरेना.

खरं भांडण झालं ते नरावरून. लिओनार्दा जत्रेतून काळाकुळकुळीत तरुण नर घेऊन आली. बासिलियाने कपाळावर हात मारला.

"काळा! अगं पोरी, काळी लोकर कोण घेतो?"

"मी विणीन. न रंगवता विकीन. शहरातल्या बायका हल्ली तशीच मागतात."

"तुझा बापही हेच म्हणायचा!"

"मग बरोबरच म्हणायचा!"

"पिल्लं काबरी निघतील, काबरी! ना इकडची, ना तिकडची!"

"काबरी तर काबरी! त्यांना काय थंडी जास्त वाजते?"

दोघींचा आवाज टेकडीपलीकडे जात होता. मेलितोन भोंगा उचलून दूर निघून गेला. आणि त्या भांडणाच्या ऐन भरात लिओनार्दाच्या लक्षात आलं की आपल्याला मजा येतेय. इलावेत तीस वर्षं तिने हजारो माणसांशी गप्पा मारल्या, पण नर कसा निवडावा यावर तिच्याशी हमरीतुमरीवर येणारं एक माणूस तिथे नव्हतं. बापानंतर कुणीच नव्हतं.

नंतर चारच दिवसांनी म्हातारीची लेक दोमिंगा ताक्नाहून आली. शहरी जाकीट, डोळे रडून लाल. "आई, चल. लोक काय म्हणतील? जमीन विकली आणि त्याच घरात आश्रितासारखी राहतेय!"

"आश्रित कोण? मी यांना शिकवतेय. या भोंगेवाल्याला गाभण मादी आणि जाडी मादी यातला फरक कळत नाही."

"तिचा ताप होतोय तुम्हाला, मला कळतंय," दोमिंगा लिओनार्दाला म्हणाली.

"होतोय," लिओनार्दाने कबूल केलं. "रोज होतोय. पण राहू द्या तिला. इथली जून-जुलैच्या हिवाळ्यातली थंडी वाईट, तेव्हा तुम्ही न्या. बाकी वर्ष इथे असू दे."

हे आपणच बोललो यावर तिचा क्षणभर विश्वास बसला नाही. बासिलिया मात्र जणू हे आधीच ठरलं होतं अशा थाटात म्हणाली, "मला वेगळी खोली पाहिजे. हा घोरतो."

दोमिंगा परतायच्या आतच खोली बांधायला मेलितोनचा सगळा बँड आला. ट्रकभर माणसं, ढोल, तुताऱ्या, बिअरची खोकी. दोन दिवस त्यांनी मातीच्या विटा रचल्या आणि विटांपेक्षा जास्त वाजवलं. तिसऱ्या दिवशी छप्पर चढलं, तेव्हा दोमिंगा, जी कालपर्यंत रडत होती, ती झांज वाजवणाऱ्याबरोबर नाचत होती. बासिलिया टोपी धरून मध्ये गोल गोल फिरत होती आणि ओरडत होती, "हळू वाजवा मेल्यांनो, माद्या गाभडतील!"

जानेवारीत माद्या व्यायला लागल्या. आदल्या हंगामातली, पांढऱ्या बापाची पिल्लं. अल्पाका सकाळचीच विते, दुपारच्या उन्हात पिल्लू सुकावं म्हणून. हे ठाऊक असल्यासारखा एक कोल्हाही सकाळचाच टेकडीवर येऊन बसू लागला. दगड मारले, ओरडून पाहिलं, तो जरा सरकायचा आणि पुन्हा बसायचा. शेवटी एकदा, मादीचं पिल्लू अर्धं बाहेर आलेलं असताना, बासिलिया वैतागून किंचाळली, "अरे भोंगेवाल्या, आता वाजव की!"

मेलितोनने छाती भरून श्वास घेतला आणि असा काही सूर काढला की डोंगर दणाणला. कोल्हा चार पायांवर उडाला आणि शेपूट घालून टेकडीपार झाला. मादीने फक्त एक कान वळवला. पिल्लू गवतावर घसरून पडलं, ओलं, लांब पायांचं, आणि थोड्या वेळात उठायची धडपड करू लागलं. त्या हंगामात एकही पिल्लू कोल्ह्याने नेलं नाही. बँडचे लोक सणासाठी मेलितोनला खाली बोलवत राहिले, पण त्याने निरोप धाडला, "माझी इथे नेमणूक झालीय."

जूनमध्ये ठरल्याप्रमाणे दोमिंगाने आईला नेलं. बासिलियाने निघताना इतक्या सूचना दिल्या की ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. ती गेल्यावर घर शांत झालं. लिओनार्दाने मीठ उचलून आपल्या पहिल्या जागी ठेवलं आणि दोन दिवस खुशीत होती. तिसऱ्या दिवशी तिने मेलितोनवर उगाचच तीन भांडणं काढली. तो बिचारा एकाही भांडणात धड उत्तर देऊ शकला नाही.

फोनला रेंज फक्त टेकडीच्या माथ्यावर मिळायची. संध्याकाळ व्हायच्या आत ती धापा टाकत वर चढली. खाली कुरणावर ऊन तिरपं झालं होतं, माद्या आणि वाढीला लागलेली पिल्लं वाडग्याकडे निघाली होती, आणि काळा नर सगळ्यांच्या मागून ऐटीत चालत होता. पलीकडून फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"किती उशीर गं! पाटाचा बर्फ फोडलास का सकाळी?"

"फोडला."

"कशाने?"

"कुदळीने."

"कुदळीने! अगं कडा ढासळतील! टाचेने फोडायचा, टाचेने!"

"आजी, तू ताक्नात बसून मला शिकवू नको," लिओनार्दा ओरडली. दगडावर ऐसपैस बसून तिने चादर अंगाभोवती घट्ट लपेटली. "आणि ऐक, तो जत्रेतला व्यापारी काल आला होता. अजून एक नर आहे म्हणतो. राखी."

ताक्नातली ती म्हातारी जी सुरू झाली ती सूर्य मावळेपर्यंत थांबली नाही.