धाकू घोसाळकरांचा पट्टा

टीव्हीवर युद्धाचा सिनेमा लागला की नीलम आधी बाल्कनीचं दार लावून घ्यायची. पडद्यावर सैनिक दिसला रे दिसला, की तिचा नवरा गुणवंत ओरडलाच म्हणून समजा.

"अरे गाढवांनो, चौदा सालच्या लढाईत ही रायफल आली कुठून? हिचा जन्म तरी झाला होता का? आणि पायाला ही पट्टी कुणी गुंडाळलीय, हाड बसवणाऱ्याने?"

दार लावून काही उपयोग नसायचा. अख्ख्या बेव्हर्ली पार्कला कळायचं, घोसाळकर पिक्चर बघतोय.

तसा माणूस फोर्टातल्या एका विमा कंपनीत कारकून. गिरगावातली खोली सोडून एकोणनव्वद साली मीरा रोडला आला, तो भांडी कमी आणि पुस्तकांची बोचकी जास्त घेऊन. दर शनिवारी हाफ डे झाला की हा लायब्ररीत, नाहीतर फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात डोकं खुपसून. वेड एकच, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या फौजा. कुठल्या पलटणीला कुठली रायफल, काडतुसांचा पट्टा कातडी की कापडी, पाण्याची बाटली कुठल्या बाजूला. विचारा आणि ऐकत बसा. आणि ऐकता ऐकता शिव्याही ऐका, कारण तो खरा चिडलेला होता त्या पुस्तकांवरच. "साहेबाच्या घोड्याचं नाव छापतात मेले, आणि माझ्या आज्याचं नाही!"

त्याचा आजा, म्हणजे धाकू घोसाळकर, त्या लढाईत मेसोपोटेमियाला गेला होता आणि सतरा सालच्या गणपतीला कोकणात घरी परतला होता. त्याची संगीन घरात होती. गुणवंतचे वडील बापू दर दसऱ्याला ती पाटावर ठेवून तेल-शेंदूर लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि परत फडक्यात गुंडाळून कपाटात. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. गुणवंतनेही नाही. त्या एका संगिनीपायी त्याने अर्धं आयुष्य पुस्तकांत घातलं, आणि ती नीट बघायची मात्र सोय नव्हती.

त्र्याण्णवच्या दसऱ्याआधी सोसायटीचे चेअरमन रहाटे घरी आले. सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "घोसाळकर, यंदा खाली कंपाउंडमध्ये शस्त्रपूजन करतोय. तुमची संगीन मध्यभागी. मागे बोर्ड लावू, मराठी वीराने तुर्कांच्या पोटात खुपसलेली संगीन. जरा दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही दिसू दे."

दुसऱ्या मजल्यावर सलीमभाई राहायचा. जानेवारीतल्या दंगलीपासून त्याने दाराबाहेरच्या चपला घरात घेतल्या होत्या.

गुणवंत उसळला. "त्यांना काय दाखवायचंय? गेल्या वर्षी बापू बाथरूममध्ये पडले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत घालून खाली कुणी नेलं? सलीमभाईने की तुम्ही? तुम्ही जिन्यात उभे राहून 'सांभाळून, सांभाळून' करत होतात!"

"अरे, तापतोस काय? मी जनरल बोलतोय."

"आणि पोटात खुपसली याला पुरावा काय? माझ्या आज्याबद्दल बोर्ड लागणार असेल तर तो मी लिहिणार. खरं असेल तेच!"

रहाटे हसत उठले. "लिही बाबा. पण जरा जोरदार लिही."

आता खरं लिहायचं तर संगीन बघायला हवी. त्या काळच्या इंग्रजी संगिनीवर मुठीपाशी बनावटीचं साल ठोकलेलं असतं, हे त्याला पाठ होतं. बापू दुपारचे आडवे झाले तसं त्याने कपाट उघडलं, रॉकेलचा बोळा घेतला आणि शेंदराचे वर्षानुवर्षांचे थर पुसायला बसला. चिंध्या लालभडक झाल्या. हळूहळू खालचं पोलाद दिसलं, मग मुकुटाचा शिक्का, मग साल.

अठरा.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सतरा साली घरी आलेल्या माणसाकडे अठरा साली बनलेली संगीन! रॉकेलच्या वासाने बापू जागे होऊन दारात आले होते.

"मेल्या, देवाचं खरवडतोस?"

"कसला देव, बापू? ही आजोबांची नाहीच!"

बापूंनी संगीन हिसकावून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. गुणवंत रात्रभर येरझाऱ्या घालत राहिला, आणि सकाळी ऑफिसला दांडी मारून त्याने पुस्तकांची सगळी बोचकी सोडली. संगीन नव्हती तर आज्याकडे होतं काय? गठ्ठ्याच्या तळाशी कवायतीचं एक फाटकं पुस्तक निघालं. कधीतरी ढिगाबरोबर आलेलं, आणि त्याने कधी धड उघडलंही नव्हतं. का? तर त्यात एकही हत्यार नव्हतं. जखमींना उचलणाऱ्यांची कवायत होती नुसती. एका चित्रात दोघे शिपाई स्ट्रेचर घेऊन उभे. खांद्यांवरून पुढे जाड रुंद पट्टा उतरलेला, त्याच्या दोन्ही टोकांना फासे आणि फाशांत स्ट्रेचरचे दांडे.

तो पट्टा त्याने रोज पाहिला होता. बापूंची वळकटी त्या पट्ट्यानेच बांधलेली असायची.

पुस्तक हातात घेऊन तो बापूंच्या खोलीत घुसला, वळकटीचा पट्टा खसकन ओढून काढला आणि त्यांच्यासमोर धरला. "हे काय आहे?"

बापूंनी पट्ट्याचं एक टोक मुठीत धरलं. मग त्यांचाच आवाज चढला. "डोलीचा पट्टा आहे! बाबा डोलीवाले होते. माणसं वाहायचे, मेलेली, अर्धी मेलेली. झालं समाधान? वाडीत सगळ्यांचे बाप लढून आले, माझा बाप ओझी वाहून आला. पोरं मला डोलीवाल्याचा म्हणून चिडवायची. मुंबईत गिरणीत लागलो, भंगारवाल्याकडे ही संगीन दिसली, आणली. दसऱ्याला पाटावर काय पट्टा ठेवायचा?"

"म्हणून खोटं? माझ्याशी? मी इतकी वर्षं झक मारत होतो?"

"तुला तरी काय हवं होतं रे? लहानपणी मांडीवर बसून विचारायचास, आजोबांनी किती मारले? किती उचलले, असं एकदा तरी विचारलंस?"

गुणवंतने पट्टा गुंडाळायला घेतला. नीलम दारात उभी होती. ती हलकेच म्हणाली, "अहो, आता रहाट्यांना काय सांगणार?"

"बघतोच," तो म्हणाला.

दसऱ्याला कंपाउंडमध्ये मांडव, लाउडस्पीकर, झेंडूच्या माळा. मधोमध टेबल आणि त्याच्या मागे रहाट्यांनी स्वतःच रंगवून आणलेला बोर्ड, तुर्कांच्या पोटासकट. बापूंना लोकांनी खुर्चीत पुढे बसवलं होतं. गुणवंत आला तो हातात पट्टा घेऊन.

"संगीन कुठाय?" रहाटे माइक बाजूला धरून पुटपुटले.

गुणवंतने तोच माइक ओढून घेतला. "संगीन भंगारातली होती. माझ्या आज्याने कुणाच्या पोटात काही खुपसलं नाही. तो जखमी माणसं उचलत होता, त्याचं हत्यार हे! दसऱ्याला ज्याचं त्याने आपलं हत्यार पुजायचं असतं ना? मग हे पुजा. आणि हा बोर्ड काढा आधी. आज्याच्या नावावर खोटं रक्त खपवून घेणार नाही मी. दुसऱ्या मजल्याला घाबरवायचं असेल तर स्वतःच्या आज्याला आणा!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. रहाटे म्हणाले, "अरे, पट्टा काय पुजायचा? असले पट्टे आमच्याकडे बिस्तऱ्याला आहेत."

"बिस्तऱ्याला नाही, अंगावर असा घ्यायचा!" म्हणत गुणवंतने पट्टा गळ्यात घातला, हारासारखा, आणि दोन्ही टोकं छातीवरून खाली सोडली.

"असा नाही रे, गाढवा!"

सगळे वळले. बापू खुर्चीतून उठले होते. काठी टाकून, टेबलाला धरत धरत ते पुढे आले आणि पोराच्या गळ्यातला पट्टा रागाने ओढला. "मानेवर घेतलास तर मान मोडेल. एवढी पुस्तकं वाचलीस, कुणी सांगितलं नाही?"

पुस्तकातलं चित्र समोरून काढलेलं होतं. पाठीमागे पट्टा कुठे बसतो ते त्यात दिसत नव्हतं.

बापूंनी पट्टा स्वतःच्या पाठीवर टाकला, खाली, खवाट्यांवर, आणि टोकं खांद्यांवरून पुढे घेतली. फाशांत नसलेले दांडे धरावेत तशा मुठी वळल्या. खांदे आपोआप पडले. "बाबा मला अंगणात शिकवायचे," ते म्हणाले. माइक लांब होता, तरी ऐकू गेलं. "रात्री झोपेतही असेच मुठी वळून निजायचे. मी कुणाला सांगितलं नाही."

रहाट्यांनी बोर्डाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बघत काय उभा राहिलास?" बापू गुणवंतवर खेकसले. "डोलीला मागे माणूस नको?"

गुणवंत त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. हात खाली सोडले, मुठी वळल्या.

"खांदे पाड," बापू न वळता म्हणाले. "आणखी. हां. आता चल."