कमरेवर पेललेला कॅमेरा

जफरमियाँ पडले ते नाल्यात. लोहारा गावापुढच्या टेकडीवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात फोटो काढून ते उतरत होते. कॅमेऱ्याची लाकडी पेटी चामडी पट्ट्यानं उजव्या खांद्याला लटकलेली, तिपाई काखेत, आणि दोन भिंगं कोटाच्या खिशात. दगडावरून पाय सटकला आणि पेटीनं त्यांना आपल्या बाजूला ओढलं. हात टेकायचे सोडून त्यांनी दोन्ही हातांनी खिसा धरला. भिंगं शाबूत राहिली; गळ्याजवळचं हाड मोडलं.

हाड जुळलं, पण वाकडं. त्यावर नुसता पट्टा टेकला तरी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. यवतमाळातला त्यांचा छोटासा स्टुडिओ तसा चालू होता. रंगवलेल्या पडद्यापुढं नवरा-नवरी येऊन बसायचे. पण त्यांची बायको कमरुन्निसा जाणून होती, की या माणसाचा जीव त्या पडद्यात नाही. जी माणसं स्टुडिओची पायरी कधी चढणार नाहीत, त्यांच्या दारात पेटी घेऊन जाणं ही त्याची खरी हौस. अठ्ठावन्न सालचा हिवाळा लागला, कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, तरी ते दुकानाच्या उंबऱ्यावर बसून रस्ता बघायचे आणि घरी येऊन मुकाट जेवायचे.

"एखादा गडी लावा ना, अजी," ती म्हणाली.

"गडी नेईल पेटी. पण कॅमेरा दुसऱ्याच्या पाठीवर अन् मी मोकळा? मले नाही चालता येत तसं."

कमरुन्निसानं मग जुनी रजई उसवली. तिच्यातला कापूस पिंजून जाड कापडात भरला आणि दोन पट्ट्यांची पाठपिशवी शिवली. नवऱ्याच्या पाठीवर चढवायच्या आधी आपण बघू, म्हणून तिनं आत वरवंटा ठेवला आणि अंगणात फेऱ्या घालू लागली. पिशवी लोंबायची, वरवंटा ढुंगणावर आदळायचा, खांदे भाजल्यासारखे व्हायचे. तिनं उसवून पुन्हा शिवली. तेच.

अशीच एका सकाळी ती फेऱ्या घालत असताना सीताफळं विकणारी सुखीबाई दारात आली. ती त्याच तांड्यातली. टोपली उतरवून ती बघतच राहिली.

"काय वं बाई, वरवंट्याले फिरवून आणून राह्यली का?"

कमरुन्निसालाही हसू आलं. हसत हसत तिनं सगळं सांगितलं. सुखीबाईचं हसू मावळलं.

"त्या फोटोवाल्या भाऊचं हाड मोडलं? आमी म्हनलं, भाऊ रुसला. माह्या बाचा फोटो राह्यला ना काढाचा. आता बाच्यानं टेकडी उतरनं होत नाही."

ती अंगणातच बसली आणि पिशवी उलटीपालटी करू लागली. तिचा बाप हरिसिंग तरुणपणी बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या घालून मुलूखभर हिंडलेला. "बा म्हने, वझं हललं का बैलाची पाठ सोलते. हे तं झोका खेळून राह्यलं. पाठीले चिपकव याले."

"चिपकवलं तरी खांदा दुखतोच. तोच तर मोडला त्यांचा."

सुखीबाई पट्टे ओढून बघत राहिली. मग कमरुन्निसाच म्हणाली, "लेकरू कडेवर घेतलं का खांदा कुठं दुखतो?"

"मंग कमरेलेच दे ना वझं!"

दुपारपर्यंत दोघींनी मिळून रुंद, कापूस भरलेला कमरपट्टा शिवला. पेटी पाठीला घट्ट, तिचा सगळा भार कमरेवर. खांद्यावरचे पट्टे नुसते तोल सांभाळायला. भिंगांसाठी पुढं पोटाशी दोन गुबगुबीत कप्पे. सीताफळं टोपलीतच राहिली होती. ती दोघींनी खाल्ली.

जफरमियाँनी संध्याकाळी पिशवी चढवली. कमरुन्निसानं पट्टा आवळला. ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"पेटी आत ठेवली ना तू?" ते म्हणाले.

टेकडीवर ती सोबत गेली, तिपाई खांद्यावर घेऊन. शेजारणी कुजबुजल्या, कुजबुजू देत. तांड्यात हरिसिंग पागोटं बांधून झोपडीपुढं ताठ बसला होता. लेकीला त्यानं जवळ ओढलं. एरवी कॅमेरा दिसला की बाया तोंडावर ओढणी घ्यायच्या. आज कॅमेऱ्याशेजारी बाईमाणूस उभं दिसलं, तशा त्या एकेक करून पुढं आल्या. कमरुन्निसानं कुणाचे केस सारखे केले, कुणाचं लेकरू गप्प केलं. हरिसिंगचा फोटो झाला, सुखीबाईचा झाला, आणि फोटो उतरवायच्या काचा संपल्या तरी बाया उठेनात.

पुढच्या उन्हाळ्यात हरिसिंग गेला. तो फोटो सुखीबाईच्या झोपडीत राहिला.

त्यानंतर दर हिवाळ्यात दोघं निघायची. एकदा बाभुळगावच्या बाजूला एका तांड्यात जफरमियाँ कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली शिरले होते. फडक्याची कड उचलून त्यांनी तिला हाक मारली.

"कमरून, इकडं ये. इतके वर्षं झाले, तू काचेत पाह्यलंच नाही."

ती लाजली, पण वाकून आत शिरली. अंधारात कॅमेऱ्यामागची काच उजळली होती आणि तिच्यावर भिंगातून उतरलेला सगळा तांडा डोकं खाली, पाय वर करून उभा होता. झोपड्या आभाळात लोंबत होत्या. तिला असं हसू फुटलं की तिपाई थरथरली.

"हलू नोको," जफरमियाँ तिच्या कानाशी म्हणाले. मग तेही हसायला लागले, आणि बाहेर उभी असलेली माणसं फडक्याकडे बघत ताटकळत राहिली.