शेळीच्या रक्तातला चहा

माझ्यासारख्यानं आठवणी लिहायच्या, हे जरा धाडसच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि लिहिण्याची सवय फक्त उत्तरपत्रिकेची. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण दोन माणसांचे आभार मानायचे राहून गेलेत.

पुण्यात एमएस्सीला होतो तेव्हा बरोबरीची मुलं संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला पळायची. मी कसबा पेठेत शेळ्या बघायला जायचो. चहात असतं ते कॅफिन दिलं, तर शेळीच्या रक्तातून ते किती वेळात उतरतं, हा माझा प्रकल्प. शेळ्या तिथल्या एका चाचींच्या. काहीही द्यायच्या आधी घेतलेलं रक्त कोरं असायला हवं. माझ्या नमुन्यांत कॅफिन निघालं.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी कागद पुढे सरकवला. "काय हो, शेळ्या चहा घेऊन आल्या होत्या का?"

मी कागद उचलून आकडे पुन्हा पाहिले.

"पुन्हा एकदा रक्त घ्या. तेही असंच निघालं तर विषय बंद, आणि तुमचं वर्षही."

वर्ष गेलं असतं तर घरून पुन्हा पाठवणं झालं नसतं.

तसाच चाचींकडे गेलो. नेहमी ओट्यावर बसायचो, त्या दिवशी आत शेळ्यांजवळच उभा राहिलो. चाचींनी माझ्यासाठी चहा टाकला, कप हातात दिला आणि गाळणीतला चोथा शेळ्यांपुढे झटकला. शेळ्या त्यावर तुटून पडल्या. चारा काय घालता, हे मी आधीच विचारलं होतं. चोथ्याला चारा कोण म्हणतं?

सगळं सांगितल्यावर चाची ओशाळल्या. "आधी बोलायचं ना बेटा! घरी आलेल्याला चहा नाही विचारायचा?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "चहा झाला तर पोरं सवयीनं चोथा टाकणारच. चहाच बंद."

त्यांचे मियाँ डोकं धरून बसले. "म्हणजे प्रयोग माझ्यावर पण चाललाय!"

पण आठवडाभर त्या घरात खरंच चहा झाला नाही. मला लिंबाचं सरबत मिळायचं.

रक्त पुन्हा घेतलं. रक्त तपासायच्या यंत्रासाठी रांग मोठी होती. मॅडमनी स्वतःचे नमुने मागे ठेवून माझे पुढे लावले, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

रविवारी कर्वेनगरला, मी राहायचो तिथे, खोलीमालकांनी जिन्यातून हाक मारली, "अहो, फोन आहे तुमचा!" मॅडमच होत्या.

"कोरं आहे. एकाही शेळीत कॅफिन नाही. उद्या कामाला लागा."