नाक पुंजाजीचं, कान गोजरबाईचे

गोजरबाईचं नाक गेलं ते करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आणि त्याचा पहिला फटका बसला तो तुळशीराम दुकानदाराला.

आठ-दहा दिवस तापात काढून ती उठली, न्हाली आणि तोंडाला चव यावी म्हणून स्वतःच डाळीला फोडणी द्यायला बसली. तेलात जिरं टाकलं. जिरं तडतडलं, लालसर झालं, पण वास म्हणून काही येईना. तिने मूठभर जिरं ओंजळीत घेऊन नाकाशी धरलं. वाळू हुंगावी तसं झालं. मग पदर खोचून ती थेट तुळशीरामच्या दुकानात गेली आणि जुनाट माल गळ्यात मारतो का म्हणून चार माणसांत त्याला सुनावलं. त्याने मुकाट पुडा बदलून दिला. दुसऱ्या दिवशी ती तोही परत घेऊन आली. तिसऱ्या वेळी तुळशीरामने नवं पोतं फोडलं आणि दुकानात उभ्या असलेल्या तिघांना मास्क खाली करून हुंगायला लावलं. तिघांनीही डोळे मिटून माना डोलावल्या.

गोजरबाई पुडी घेऊन घरी आली. उदबत्ती पेटवून नाकाखाली धरली. डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही. लसूण ठेचून पाहिला. खोबरेलाची बाटली पाहिली. शेवटी खुंटीवरचा पुंजाजीचा घामेजलेला सदरा हुंगला, आणि त्यानेही काही झालं नाही तेव्हा मात्र तिची खात्री पटली.

दुसरी एखादी बाई असती तर चार दिवस हळहळली असती आणि कामाला लागली असती. पण रोहिणखेडपासून मोताळ्यापर्यंतच्या वीसेक गावांत लग्न असो, तेरवी असो की भंडारा, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीसाठी गोजरबाईलाच बोलावणं यायचं. पाचशे पानांचा स्वयंपाक म्हणजे बाप्यांचं काम, असं म्हणणाऱ्या आचाऱ्यांची तिने वीस वर्षांत एकेक करून जिरवली होती. जिरं जेवण जिरवते आणि गोजरा माणसं जिरवते, असं लोकच म्हणायचे. आता अशा बाईचं नाक गेलं म्हटल्यावर त्याच लोकांनी काय काय म्हटलं असतं, ते तिला न सांगता कळत होतं. तिने ही गोष्ट एकट्या पुंजाजीला सांगितली.

पुंजाजी तिचा नवरा. दीड एकर वावर, बोलणं बेतास बात, पण नाक असं की ओट्यावर बसून तिसऱ्या घरात मेथी शिजते की चवळी ते सांगायचा. गोजरबाईने त्याच दिवशी त्याला कामावर नेमलं. पहिली अट अशी की तपकीर बंद. चाळीस वर्षांची तपकीर. पुंजाजीने दोन दिवस तोंड फुगवलं, मग डबी शेजाऱ्याला देऊन टाकली.

त्याचं काम सोपं होतं. चुलीपासून पाच हातांवर बसायचं. करपण्याचा वास आला की एकदा खोकायचं, फारच करपलं तर दोनदा. मसाला कच्चा वाटला तर घसा साफ करायचा. मीठ-तिखट-आंबट तिच्या जिभेला कळत होतं, त्यामुळे तेवढ्यावर भागत होतं. तीन-चार भंडारे असे निभावले. गोजरबाई उगीचच कढईवर वाकून लांब श्वास घ्यायची, मान हलवायची, आणि मदतीच्या बायांना म्हणायची, आता कसा वास सुटला. बाया हो म्हणायच्या.

घोटाळा केला तो सिंधूताईने. सिंधूताई गावची आशा सेविका, कामाला चोख. तिने दोन भंडाऱ्यांत पुंजाजीचा खोकला ऐकला आणि वहीत नाव टिपून घेतलं. एका सकाळी ती टीबीसाठी थुंकी तपासायची डबी घेऊन दारात उभी राहिली. पुंजाजी म्हणाला, मले काही झालं नाही. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात. खोकला कशाचा, हे तर त्याला सांगता येईना. दोनदा नमुने गेले. रिपोर्ट स्वच्छ आला, पण तोवर पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंची पानं रिकामी राहायला लागली होती, आणि गोजरबाई पदर तोंडाशी धरून हसत होती. तेव्हापासून खोकला सुटला आणि टोपी आली. टोपी पुढे ओढली म्हणजे करपतंय, मागे सरकवली म्हणजे कच्चं आहे, सरळ म्हणजे ठीक.

पण या सगळ्यात एक गोष्ट अशी झाली जी गोजरबाईने ठरवली नव्हती. नाक बंद झालं तसे तिचे कान उघडले. जिरं तापल्या तेलात पडलं की आधी गप्प असतं. मग एखादं बोलतं, दोन-चार बोलतात, आणि मग सगळा बाजार एकदम उठतो. तो गलका ओसरायला लागला की कांदा टाकायचा. आधी टाकला तर जिरं कच्चं राहतं, क्षणभर उशीर झाला तर कडू होतं. आयुष्यभर ती हे वासावर करत आली होती आणि हा आवाज तिच्या कानाशीच होता, पण तिने कधी ऐकलाच नव्हता. वर्षभरात ती टोपीकडे बघेनाशी झाली. पुंजाजीला मात्र हे सांगितलं नाही. तो मोठ्या मानाने पाच हातांवर बसायचा, नवीन टोपी घालायचा; त्याचा तो मान कशाला मोडा, असं तिला वाटलं.

पुढे जिऱ्याचे भाव चढले. असे चढले की बायका मिसळणाच्या डब्यातलं जिरं मोजून टाकायला लागल्या. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गावी उकंडरावांच्या डिंपलचं लग्न निघालं. उकंडरावांचं वावर मोठं, वाडा नवा, पण हात आखडता. वरण-बट्टी, भाजी आणि मठ्ठा गोजरबाईकडे दिला, आणि पाहुण्यांना शहरी काही दिसावं म्हणून चाट-जिलेबीचे काउंटर बुलढाण्याच्या हर्षलला. हर्षल पंचविशीचा, काळा ॲप्रन घालणारा. गोजरबाईच्या चुलीकडे तो जुन्या एसटीकडे बघावं तसा बघायचा.

किराणा उकंडरावांनी स्वतः आणला होता. जिरं तर एका टेम्पोवाल्याकडून निम्म्या भावात पाच किलो मिळालं, हे त्यांनी सकाळपासून तीन जणांना सांगून झालं होतं.

गोजरबाईने पहिली कढई चढवली, तेल तापलं, आणि तिने दोन मुठी जिरं सोडलं. थोडं बोललं. बाकीचं बोललंच नाही. नुसतं फसफसलं आणि झाऱ्याला चिकटलं. तिने सवय म्हणून पुंजाजीकडे पाहिलं. टोपी सरळ. झाऱ्याने हलवून तिने पुन्हा पाहिलं. टोपी सरळच, वर त्याने खुशीत मान डोलावली. एका बाजूला नवऱ्याचं नाक, दुसऱ्या बाजूला आपले कान. तिने चुलीतली लाकडं मागे ओढली.

"हे जिरं नाही," ती म्हणाली.

हर्षल काउंटर सोडून आला. त्याने पिशवीत हात घालून मूठ भरली, हुंगली, आणि वास तर घमघम येऊन राह्यला म्हणाला. उकंडरावही आले. त्यांनी हुंगलं, त्यांच्या साडूने हुंगलं, मांडववाल्याने हुंगलं. सगळ्यांचं एकमत झालं. आता कढईभोवती दहा-बारा माणसं होती आणि सगळी गोजरबाईकडे पाहत होती. हर्षलने ताटलीत जिरं घेऊन सरळ तिच्या नाकाखाली धरलं.

"घ्या मावशी, तुम्हीच वास घेऊन सांगा."

पुंजाजीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याने टोपी पुढे ओढली, मागे सरकवली, शेवटी काढून हातात धरली. गोजरबाईने ताटलीकडे पाहिलं. दोन वर्षं लपवलेली गोष्ट त्या ताटलीत होती. खोटा श्वास घेऊन काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण एवढ्या माणसांची एवढी शहाणी नाकं पाहून तिला आतून हसू फुटायला लागलं होतं, आणि हसू दाबून खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

"मले वासच येत नाही, बापू," ती शांतपणे म्हणाली. "करोना झाला तवापासून माहं नाक बंद आहे. तुमचे नाकं चालू आहेत ना? मंग तुम्हीच सांगा, ह्याच्यात गवत किती अन् जिरं किती."

मग मांडववाला हसला, त्याच्यामागे बाया हसल्या, आणि पाहता पाहता सगळा घोळका खो-खो हसायला लागला. गोजराने काय टोला हाणला, असं एक जण दुसऱ्याला सांगू लागला. उकंडराव तर सगळ्यांत मोठ्याने हसले. आपल्यालाच लागलं आहे हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. एकट्या पुंजाजीला ती खरं बोलली हे माहीत होतं, आणि त्याला हसावं की पळावं ते कळत नव्हतं.

गोजरबाईने काचेचा ग्लास मागवला, पाणी भरलं, त्यात चिमूट-दोन चिमटी टाकून बोटाने ढवळलं. पाणी चहासारखं झालं. वरचा गुळाचा अन् मातीचा लेप सुटला आणि खाली पांढरट गवताचं बी फुगून बसलं. खरं जिरं चार दाण्यांत एक. वास येत होता तो त्याचा. मग तिने उकंडरावांच्या तळहातावर थोडं ठेवलं आणि म्हणाली, चोळा. त्यांनी चोळलं. हात काळा झाला. उकंडराव त्या हाताने कपाळावरचा घाम पुसत निघून गेले आणि कपाळावर बोटभर काळा पट्टा उमटला. गोजरबाईने तो पाहिला. सांगायला ती तोंड उघडणारच होती, पण फोडणीची घाई होती. व्याह्यांचं स्वागत त्यांनी त्याच कपाळाने केलं.

आता जिरं आणायचं कुठून? त्या गावातला दुकानदार लग्नाचं सामान आणायला मलकापूरला गेलेला, वरात तासा-दीड तासावर. गोजरबाईने दोन बायांच्या हातात पातेलं दिलं आणि घरोघर पाठवलं. प्रत्येक घरातून एक मूठ. अर्ध्या साड्या नेसलेल्या बायका डबे घेऊन दारात आल्या. पातेलं परत आलं तेव्हा त्यात जिरं होतं, ओवा होता, बडीशेप होती आणि एक सोन्याचा मणीही निघाला. त्याची मालकीण शोधायला वेगळी माणसं लागली. गोजरबाईने तिघींना निवडायला बसवलं आणि स्वतः कढईशी उभी राहिली. या वेळी जिरं पडलं, गप्प बसलं, आणि मग बोललं.

जेवण असं झालं की लोक दुसऱ्यांदा बसले. प्रत्येक घरची बाई सांगत होती की भाजीला जी चव आहे ती आपल्या घरच्या जिऱ्याची. उकंडरावांनी एवढ्या बट्ट्या हाणल्या की दुसऱ्या दिवशी पोट जड झाल्याचा निरोप आला. गोजरबाईने भाजलेल्या जिऱ्याची पुडी पाठवली आणि सांगून पाठवलं की ही चावून वर कोमट पाणी प्यायचं आहे, हुंगायची नाही.

लग्नाहून परत येताना काळीपिवळी जीपमध्ये पुंजाजी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. फाटा आल्यावर म्हणाला, "माह्या नाकानं आज धोका देल्ला."

"नाकानं नाही देल्ला," ती म्हणाली. "खरं जिरंही होतं ना त्यात. तुम्ही खऱ्याचाच वास सांगतला." तरी त्याचं मन मानेना. घरी आल्यावर तो शेजाऱ्याकडे गेला आणि तपकिरीची डबी मागून आणली. गोजरबाईने पाहिलं आणि अडवलं नाही. तो शिंकला तेव्हा तिला बरंच वाटलं.

त्या लग्नानंतर पंचक्रोशीत एकच बोललं जायचं, नाक असावं तर गोजरबाईसारखं. तिने दोघा-तिघांना खरं सांगूनही पाहिलं. ते हसले.

महिन्याभराने हर्षल मोटारसायकलवरून आला. या वेळी ॲप्रन नव्हता. फोडणी शिकायची म्हणाला, खाली मान घालून म्हणाला. गोजरबाईने त्याला चुलीपुढे पाटावर बसवलं आणि दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून त्याच्या नाकाला लावला. डोळे मिटायला सांगितले. तोंडाने श्वास घेत, लाल झालेल्या नाकाने, हातात कांद्याची ताटली घेऊन तो पोरगा ऐकत बसला.

"आता?" त्याने विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही बे. विचारू नको, आयक."

त्याने विचारणं सोडलं. जिऱ्याचा गलका उठला, भरला, आणि ओसरायला लागला, तसा त्याने कांदा सोडला. अगदी नेमका. गोजरबाईला हे जमायला वर्ष लागलं होतं.

"हुकला," ती म्हणाली. "दुसरी कढई ठेव."